काजळीचे माप

देवळात गेलेल्या माणसाची दृष्टी प्रथम मूर्तीकडे जाते, मग समईकडे. समईच्या माथ्यावर तुळईला जो काळा थर बसलेला असतो त्याच्याकडे ती सहसा जात नाही. गेलीच तर ती देवस्थान समितीच्या एखाद्या सभासदाची, आणि तीही यंदा रंगकाम काढावयास हवे या विवंचनेने. ज्योत ही पूजेची वस्तू आणि काजळी हा तिचा मळ, अशी आपली समजूत असते. माझी हयात रसायनशास्त्र शिकविण्यात गेली. पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांत आप्तसंबंध असल्यामुळे तेथील देवळांत जाण्याचे प्रसंगही वारंवार आले. ज्योतीइतकेच त्या काजळीनेही मला विचार करावयास लावले आहे, आणि त्या विचारातून जे हाती आले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

काजळीचा पहिला चमत्कार तिच्या हलकेपणाचा. बोटाला लागली तर बोट काळेभोर होते. पण वर्षभराची काजळी झाडून सोनाराच्या काट्यात घातली तर पारडे जेमतेम हालते. इतके थोडे द्रव्य इतकी मोठी तुळई कसे काय व्यापते? ही बारीक भुकटी आहे, एवढे उत्तर पुरत नाही. रांगोळीही बारीक असते, भस्मही बारीक असते. पण चिमूटभर भस्म हाताला जाणवते, चिमूटभर काजळी जाणवत नाही. फरक कणांच्या रचनेत आहे, आणि त्या रचनेचे वर्णन करण्यासाठी शाळेत शिकलेली भूमिती अपुरी पडते.

शाळेची भूमिती रेषेला एक मिती देते, पृष्ठाला दोन आणि घनाला तीन. मिती म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातही समजते. दोरी दुप्पट लांब केली की सूत दुप्पट लागते. पाटाची बाजू दुप्पट केली की त्यावर घालावयाची रांगोळी चौपट लागते. लाडू दुप्पट रुंदीचा वळावयाचा तर जिन्नस आठपट लागतो. दोनाचा पहिला घात, दुसरा घात आणि तिसरा घात. यातील घातांक म्हणजेच मिती. एक, दोन, तीन. या पायऱ्यांच्या मधे काही असू शकेल ही कल्पना बहुतेकांच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. काही गणितज्ञांनी ती केली होती, पण निसर्गातील वस्तूंना ती लागू पडते हे ठासून सांगण्याचे श्रेय बेनवा मांडेलब्रो यांचे. त्यांचा जन्म 1924 साली वॉर्सा येथे झाला, शिक्षण मुख्यतः फ्रान्समध्ये झाले, आणि आयुष्याचा मोठा भाग अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेत गेला. 2010 साली ते निवर्तले. लॅटिन भाषेत भग्न, तुटलेला या अर्थाचा 'फ्रॅक्टस' हा शब्द आहे. त्यावरून त्यांनी 1975 साली अशा आकारांना 'फ्रॅक्टल' हे नाव दिले.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण समुद्रकिनाऱ्याचे आहे, आणि आपणा किनाऱ्यावरच्या लोकांना ते लगेच पटावे असे आहे. 1967 साली त्यांनी ब्रिटनचा किनारा किती लांब आहे असा वरकरणी बाळबोध प्रश्न एका निबंधात विचारला. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने केलेल्या मोजण्या त्यांनी पुढे ठेवल्या आणि दाखविले की, मोजपट्टी जितकी आखूड तितका किनारा लांब भरतो. मोठ्या पट्टीला खाड्या दिसत नाहीत. लहान पट्टी प्रत्येक खाडीत शिरते. आपलेच पाहा. तेरेखोलच्या मुखापासून शापोऱ्याच्या मुखापर्यंत केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा पेडण्याचा किनारा पक्ष्याच्या वाटेने मोजला तर एक आकडा येईल, आणि प्रत्येक खडकाला वळसा घालीत चालत गेले तर दुसराच येईल. भारताचा किनारा 7,516 किलोमीटर असे आपण कित्येक दशके पाठ म्हणत आलो. 2024 साली पुढे आलेल्या सरकारी मोजणीत तो सुमारे 11,098 किलोमीटर भरला, आणि गोव्याचा 101 किलोमीटरांवरून सुमारे 194 वर गेला. देशाची भूमी वाढली नाही. मोजणी अधिक बारीक झाली. मांडेलब्रो यांचे म्हणणे असे की, अशा किनाऱ्याची 'खरी' लांबी विचारण्यापेक्षा पट्टी लहान केल्यावर लांबी कोणत्या प्रमाणात वाढते ते विचारावे. ते प्रमाण स्थिर असते, आणि तीच त्या किनाऱ्याची मिती. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची ती 1.25 निघाली: रेषेपेक्षा थोडी अधिक, पृष्ठापेक्षा पुष्कळ उणी.

रसायनशास्त्राला या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य असे की, रसायनशास्त्रातील असंख्य क्रिया पृष्ठभागावर घडतात, आणि पृष्ठभाग हाही एक किनाराच आहे. आपल्याकडचा जांभा चिरा हातात घेऊन पाहावा. सहस्रावधी पावसाळ्यांनी मूळ खडकातील सिलिका विरघळवून वाहून नेली, लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, आणि दगडाला भोकेच भोके पडली. मोठ्या भोकात लहान भोक, लहानात त्याहून लहान. या चिऱ्याचे पृष्ठफळ किती? हाताने चाचपले तर एक, पाण्याने चाचपले तर त्याहून किती तरी जास्त. अशा सच्छिद्र पदार्थांना मोजण्याची युक्ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डेव्हिड अवनीर आणि त्यांचे सहकारी पीटर फायफर यांनी 1983-84 च्या सुमारास काढली. त्यांनी रेणूंचीच मोजपट्टी केली. आधी लहान रेणूंचा एक थर पृष्ठावर बसवून किती रेणू लागले ते पाहावयाचे, मग त्याहून मोठे रेणू घ्यावयाचे, मग आणखी मोठे. औषधांच्या डब्यात ओलावा टिपण्यासाठी जी सिलिका जेलची पुडी असते, त्या जातीच्या पदार्थाची मिती अशा मोजणीत जवळजवळ 3 निघाली. म्हणजे नाव पृष्ठाचे आणि वागणूक घनाची! गुळगुळीत पृष्ठाची मिती 2 असते. या दोहोंच्या मधे किती तरी पदार्थ आपापले स्थान धरून आहेत. जे पृष्ठ एका रेणूला विस्तीर्ण मैदान, तेच दुसऱ्याला बंद दरवाजा, हे रसायनज्ञाला आधी कळले तर त्याचे पुष्कळ श्रम वाचतात.

क्रियेचा वेगही याच कारणाने बदलतो. पाठ्यपुस्तकांत प्रत्येक क्रियेला एक वेगस्थिरांक दिलेला असतो. तो स्थिर राहण्यासाठी रेणूंना मोकळ्या मैदानात हिंडता आले पाहिजे. पेडण्याच्या पुनवेच्या दिवशी दोन स्नेही मोकळ्या पटांगणात असतील तर त्यांची गाठ पडण्याचा संभव एक, आणि अरुंद, फाटे फुटलेल्या, पुढे बंद होणाऱ्या गल्ल्यांत अडकले असतील तर निराळा. गल्लीतला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. जवळचे जवळच्यांना भेटून मोकळे होतात, आणि दूरचे दूरच राहतात. मिशिगन विद्यापीठातील राऊल कोपेलमान यांनी 1988 साली नेमके हेच मांडले. फ्रॅक्टल जागेत कोंडलेल्या क्रियेचा 'स्थिरांक' स्थिर राहत नाही; काळ लोटेल तसा तो उतरत जातो.

आता पुन्हा समईकडे वळू. खोबरेल वातीने वर चढते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ तुटते. ज्योतीच्या आत, जेथे प्राणवायू पुरेसा पोचत नाही, तेथे कार्बनाची वलये एकमेकांना जोडली जाऊन अतिसूक्ष्म गोळ्या तयार होतात. इतक्या सूक्ष्म की एका मिलिमीटरच्या लांबीत त्या तीस-चाळीस हजार मावाव्यात. या गोळ्या तापून उजळतात, आणि ज्योतीचा सोनेरी प्रकाश म्हणतात तो त्यांचाच असतो. ज्या काजळीला आपण ज्योतीचा मळ समजतो ती ज्योतीच्या पोटात असताना तिचे तेज असते. बहुतेक गोळ्या ज्योतीच्या कडेला पोचून जळून जातात. वात मोठी झाली किंवा वारा लागला की काही निसटतात, आणि त्या तुळईवर दिसतात.

निसटलेल्या गोळ्या वाऱ्यावर भरकटतात. दोन भेटल्या की चिकटतात. जोड्या जोड्यांना भेटतात, पुंजके पुंजक्यांना. कोणताही पुंजका दुसऱ्याच्या पोटात शिरू शकत नाही, कारण त्याला आत जाण्याआधीच बाहेरच्या फांद्या धरून ठेवतात. आतली जागा रिकामी ती रिकामीच. धुराच्या कणांतील ही रचना फॉरेस्ट आणि विटन यांनी 1979 साली निदर्शनास आणली. 1981 साली विटन आणि सँडर यांनी भरकटत येऊन चिकटणाऱ्या कणांचा नमुना गणकयंत्रावर वाढवून दाखविला. पुंजका पुंजक्याला चिकटण्याचा हिशेब 1983 साली अमेरिकेत मीकिन यांनी आणि फ्रान्समध्ये कोल्ब, बोते व ज्युलियाँ यांनी स्वतंत्रपणे केला. त्यांच्या हिशेबाने अशा पुंजक्याची मिती 1.8 च्या आसपास येते, आणि ज्योतीतून निघालेल्या काजळीची प्रत्यक्ष मिती मोजली तरी ती 1.7 ते 1.8 भरते. याचा अर्थ सोपा आहे. भरीव गोळा दहापट रुंद झाला तर त्यात हजारपट द्रव्य लागते. काजळीचा पुंजका दहापट रुंद झाला तर त्याला सुमारे त्रेसष्टपटच पुरते. बाकी सर्व पोकळी. पुंजका जितका मोठा तितका तो विरळ. सोनाराच्या काट्याला तो कळत नाही, आणि तुळई मात्र काळी होते, त्याचे हे कारण आहे.

आपल्या पूर्वजांचा या काजळीशी व्यवहार केवळ झाडून टाकण्यापुरता नव्हता. तिच्यापासून त्यांनी डोळ्यांत घालावयाचे काजळ केले आणि पोथ्या लिहावयाची मषी केली. नुसती काजळी पाण्यात घोटली तर थोड्याच वेळात तिचे पुंजके होऊन तळाशी बसतात आणि वर पाणी उरते. तीत डिंक घालून घोटली की तीच काजळी पाण्यात टिकून राहते आणि बोरूतून सुरेख उतरते. डिंकाचे लांबलचक रेणू प्रत्येक कणाला बिलगतात आणि त्याच्याभोवती मऊ कुंपण घालून त्याला दुसऱ्यापासून दूर ठेवतात. लांब साखळीच्या रेणूंची स्वतःची मितीही पूर्णांक नसते. अमेरिकन रसायनज्ञ पॉल फ्लोरी यांना 1974 साली अशाच साखळ्यांच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सूत्रानुसार, अनुकूल द्रवात मोकळी पसरलेली साखळी 5/3 मितीची असते, कारण ती स्वतःला ओलांडू शकत नाही. स्वतःची वाट न ओलांडता फिरणाऱ्या अशा वाटसरूचे गणित अपूर्णांक मितीच्या जाळ्यांवर अचूक सोडवून दाखविणाऱ्यांत दीपक धर हे भारतीय शास्त्रज्ञ अग्रभागी होते. 1977-78 मधील त्यांचे ते निबंध आजही आधारभूत मानले जातात. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केले, आणि 2022 साली बोल्ट्झमन पदकाचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

काजळीवरून जे शिकावयाचे ते गढूळ पाण्यावर लावले की त्याचे मोल खरे कळते. डिचोलीच्या व्हाळांचे पावसाळ्यातील पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा तांबडा रंग सांगावयास नको. तो रंग लोहाच्या संयुगांचा आणि चिकणमातीच्या सूक्ष्म कणांचा. हीच तांबडी काव चुन्याच्या संगतीने आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे होऊन शोभते. पाण्यात मात्र ती तासन् तास खाली बसत नाही. कणांवर ऋण विद्युत्भार असतो, आणि समान भार एकमेकांना दूर ढकलतात. घरातील वडीलधारी माणसे हंड्यात तुरटीचा खडा फिरवीत. तुरटीतील ॲल्युमिनियम तो भार मारून टाकतो आणि पाण्यात स्वतः मऊ साका होऊन कणांना कवटाळतो. मग पुंजके होतात आणि हंड्याचा तळ तांबडा दिसू लागतो.

हे पुंजके कसे जमतात? 1984 साली वाइट्झ आणि ऑलिव्हेरिया यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर प्रयोग केले. पाण्यात तरंगणारे सोन्याचे कण एकाएकी एकमेकांना चिकटू दिले तेव्हा पुंजक्याची मिती सुमारे 1.75 आली. पुढील प्रयोगांत चिकटणे मंद केले. अनेक वेळा धडकल्यावर कुठे एकदा चिकटावे, अशी परिस्थिती ठेवली. तेव्हा मिती 2 च्या वर गेली. घाईने जमलेले विरळ राहते, कारण पहिल्या स्पर्शालाच सर्व अडकून पडतात. सावकाश जमलेल्याला आत शिरून योग्य जागा शोधण्यास वेळ मिळतो, म्हणून ते घट्ट होते. पुंजका कोणत्या वेगाने जमला याचा इतिहास त्याच्या मितीत लिहिलेला असतो. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी मिसळताना पाणी प्रथम जोराने ढवळतात आणि मग अगदी हळू, त्यामागेही असाच विचार आहे. शेवटपर्यंत जोराने ढवळले तर जमलेले पुंजके फुटून जातात.

खाली बसण्याच्या वेगाचा हिशेबही याच मितीवर अवलंबून आहे. भरीव कणाची रुंदी दुप्पट झाली तर तो चौपट वेगाने बुडतो. 2 मितीचा पुंजका दुप्पट रुंद झाला तर तो केवळ दुप्पट वेगाने बुडतो, कारण मोठा होता होता तो पोकळही होत जातो. ही गोष्ट फळ्यावर लिहून पुसून टाकण्याजोगी नाही. डिचोली महालात लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर उघडे केले. 2012 साली खाणी बंद झाल्या, मग काही काळ चालल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या आणि 2024 साली डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. या सर्व काळात पाऊस मात्र एकही वर्ष थांबला नाही. डोंगरावरून उतरणारी तांबडी माती अडवावयाची तर पाणी कुठे तरी थोपवून तिला बसू द्यावे लागते. ती किती वेळात बसेल याचा हिशेब भरीव कणाच्या सूत्राने केला तर बांधलेले तळे अपुरे पडणार, आणि उरलेला गाळ खालच्या शेतात जाणार. ज्या शेतकऱ्याच्या भाताच्या तरव्यावर तो थर बसतो त्याला 2 आणि 3 या आकड्यांमधील अंतर किती मोठे आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

याच व्हाळांचे पाणी पुढे नदीला आणि नदी समुद्राला मिळते. तेथे तुरटीचे काम मीठ करते. खारे पाणी भेटले की मातीच्या कणांचा भार झाकला जातो, पुंजके होतात आणि चिखल बसू लागतो. तेरेखोल आणि शापोऱ्याच्या काठी असा चिखल वाढत आला. आपल्या पूर्वजांनी खाजने घातली, बांध घातले आणि मानस बसवून भरती-ओहोटीला शिस्त लावली ती अशाच जमिनीवर.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. उत्तरेकडील नागर शैलीच्या शिखरावर लहान शिखरे आणि त्यांवर आणखी लहान शिखरे पाहिली की हेही फ्रॅक्टलच, असे कोणाच्याही मनात येते; आणि मग आपल्याकडे हे सर्व आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. अंशात पूर्णाचे रूप पाहणारी दृष्टी आपल्या शिल्पकारांना होती, यात शंका नाही, आणि तिचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु दृष्टी असणे आणि मोजमाप करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मषी घोटणाऱ्याला डिंकाचा गुण ठाऊक होता, हंड्यात तुरटी फिरवणारीला तिचा गुण ठाऊक होता, खाजनाचा बांध घालणाऱ्याला खाऱ्या पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. ते ज्ञान हाताचे होते, आणि ते खरे होते. त्याला संख्येचे रूप दिले वॉर्सात जन्मलेल्या एका गणितज्ञाने, जेरुसलेमच्या आणि मिशिगनच्या रसायनज्ञांनी आणि आपल्यातल्या एका शास्त्रज्ञाने. हे मान्य करण्यात पूर्वजांचा उपमर्द होत नाही.

उलट त्यांचे ऋण फेडण्याची एक वाट त्यातून दिसते. आपल्या महाविद्यालयांत शिकणारी पेडण्याची आणि डिचोलीची मुले दर पावसाळ्यात हे तांबडे पाणी ओलांडून वर्गात येतात. एका भांड्यात व्हाळाचे पाणी, तुरटीचा एक खडा, एक घड्याळ आणि पुंजक्यांचे छायाचित्र घेण्यापुरते सूक्ष्मदर्शक, एवढ्या साहित्यावर त्या गाळाची मिती काढण्याचा आरंभ करता येईल. तो आकडा गावच्या पंचायतीत, बांधाचा आराखडा ठरविणाऱ्यांच्या समोर ठेवता येईल. तुळईवरची काजळी समिती रंग काढून झाकील, आणि ते तिचे कामच आहे. व्हाळाचे पाणी मात्र पुढच्या ज्येष्ठात पुन्हा तांबडे होईल, तेव्हा ते मोजावयास कोणी तरी बसलेले असावे.